पोटाचा घेर : वजनकाट्याला न दिसणारी गोष्ट

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या आजाराची सविस्तर ओळख करून द्यावी, म्हणजे देणगीदारांना आपला पैसा कोणत्या कामी लागतो हे कळते आणि रुग्णांच्या घरच्यांनाही काही उपयोगी वाचावयास मिळते, असा आमचा प्रघात आहे. यंदा निवडलेला विषय वरकरणी अगदीच साधा आहे. पोटाचा घेर कसा मोजावा, आणि त्या एका आकड्यावरून मधुमेह, हृदयविकार व यकृताचे विकार यांच्याविषयी काय कळते व काय कळत नाही, एवढाच तो विषय. इतक्या लहानशा गोष्टीसाठी अहवालाची एवढी पाने का खर्ची घातली, असे विश्वस्त मंडळींपैकी कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार घडणाऱ्या एका प्रसंगात आहे.

पन्नाशीच्या आसपासचे गृहस्थ येतात. गळ्यात तुळशीची माळ, हातपाय काटकुळे, वजन साठ-बासष्ट किलो. पाय सुजले म्हणून किंवा भूक मंदावली म्हणून दाखवायला आलेले असतात. तपासण्या होतात आणि यकृत आकसून घट्ट झाल्याचे, म्हणजे सिऱ्होसिस झाल्याचे निष्पन्न होते. सोबत आलेली पत्नी कळवळून सांगते, "डॉक्टर, ह्यांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही हो." ती खरे बोलत असते. परंतु गावात तोवर कुजबुज सुरू झालेली असते; लिव्हर गेले म्हणजे चोरून पीत असणार, असे लोक धरून चालतात. आजाराचे दुःख एक आणि या संशयाचे दुसरे. घरातील लग्नकार्याच्या बोलण्यांतसुद्धा हा विषय निघाल्याचे आम्ही ऐकले आहे.

अशा रुग्णांचे जुने केसपेपर आम्ही काढून पाहतो, तेव्हा एक गोष्ट आम्हांला स्वतःकडे बोट दाखवावयास लावते. मागील कित्येक भेटींत आमच्याच माणसांनी त्यांचे वजन नोंदवलेले असते. ते दर वेळी "ठीक" असते. त्या पातळ हातापायांच्या मधोमध असलेले, सदऱ्याखाली झाकलेले पोट मात्र कोणीच मोजलेले नसते. वजनकाट्याने खोटे सांगितले नव्हते, पण त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

सारख्या वजनाची दोन माणसे

उंचीच्या मानाने वजन योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी जगभर "बॉडी मास इंडेक्स" किंवा बीएमआय हा निर्देशांक वापरतात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन गणिती केतले यांच्याकडे जाते. बीएमआय हे आजचे नाव १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी रूढ केले. मोठ्या लोकसमूहांची सरासरी पाहण्यासाठी हा आकडा उपयोगी आहे. परंतु शरीरात स्नायू किती आणि चरबी किती, आणि ती चरबी आहे तरी कुठे, हे तो सांगत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे अगदी तंतोतंत सारखा. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या विसंगतीला "वाय-वाय पॅरॅडॉक्स" असे नाव पडले. स्वतःच्या देहाचा असा दाखला देण्यास थोडा मोकळेपणा लागतो. तो या दोघांनी दाखवला म्हणून ही गोष्ट जगभरच्या डॉक्टरांच्या ध्यानात राहिली.

याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यातील एका भागात तेथील नवजात बालकांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी तुलना केली होती. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ दिसायला किरकोळ, पण अंगाने चरबीयुक्त. पिढ्यान्‌पिढ्या मातांचे पोषण अपुरे राहिले, की गर्भातील बाळ मेंदूला आणि चरबीच्या साठ्याला झुकते माप देते व स्नायूंची काटकसर करते, असा याचा अर्थ लावला जातो. खटाव, माण, आटपाडी हा आपला पट्टा दुष्काळाचा. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, त्या घरांतील आजची पन्नाशीची पिढी अशाच काटकसरीच्या देहाने जन्मली असावी आणि पुढे तिच्या पुढ्यात साखरेचा चहा, पांढरा भात, तळलेले फरसाण व बसून करावयाचे काम आले, असे आम्हांला वाटते. हा आमचा तर्क आहे. पण रोज समोर दिसणाऱ्या रुग्णांशी तो जुळतो.

कणगी भरल्यावर

पोटावरची चरबी दोन ठिकाणी असते. एक कातडीखाली, चिमटीत धरता येते ती. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या भिंतीआड, आतड्यांभोवती आणि अवयवांच्या मधल्या जागेत. पहिली दिसते आणि खुपते, दुसरी दिसत नाही. आजारांशी अधिक घट्ट नाते दुसरीचे आहे. मार्सेय येथील फ्रेंच वैद्य झाँ व्हाग यांनी १९४७ सालीच लिहून ठेवले होते की लठ्ठपणा किती यापेक्षा तो कुठे आहे हे महत्त्वाचे. कंबरेवरच्या भागात, पुरुषी धाटणीने साठलेली चरबी मधुमेहाकडे नेते, नितंब-मांड्यांवरची तितकी नेत नाही. त्यांचे म्हणणे सर्वमान्य होण्यास काही दशके जावी लागली.

हे का घडते, ते आम्ही रुग्णांना घरातील कणगीच्या उपमेने सांगतो. खाल्लेले जास्तीचे अन्न साठवण्यासाठी कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी. ती मोठी असेल तर पुष्कळ धान्य बिनबोभाट मावते. काही घरांची कणगीच लहान असते. ती लवकर भरते आणि मग पोती ओसरीवर, माजघरात, जिथे ठेवू नयेत तिथे येऊन पडतात. शरीरात ही "जिथे ठेवू नये" अशी ठिकाणे म्हणजे आतड्यांभोवतीची जागा, यकृत, स्वादुपिंड आणि स्नायू. म्हणून एखादा अंगाने भरलेला मनुष्य निरोगी असू शकतो आणि काटकुळ्या माणसाच्या यकृतात चरबी सापडते.

आतड्यांकडील रक्त "पोर्टल व्हेन" नावाच्या रक्तवाहिनीतून थेट यकृतात जाते. त्यामुळे आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्ले आणि दाह वाढवणारे पदार्थ प्रथम यकृतावर येऊन आदळतात. यकृतात येणारी सगळीच चरबी तेथून येत नाही, मोठा वाटा कातडीखालच्या साठ्यातूनही येतो. पण आतली चरबी वाढली आहे ही गोष्ट साठवणुकीची सारी व्यवस्था बिघडल्याची खूण असते. चरबीने भरलेले यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होते, गरज नसताना साखर रक्तात सोडत राहते आणि ट्रायग्लिसराइड वाढवते. स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन तयार करावे लागते. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे आजार आणि यकृताचा आजार ही एकाच कुटुंबातील भावंडे ठरतात ती अशी.

यकृतात चरबी साठलेल्या बहुतेकांचा आजार पहिल्या पायरीवरच थांबतो, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. घाबरून जाण्याचे कारण नाही. काहींच्या यकृतात मात्र दाह सुरू होतो, त्यातून व्रणासारखे तंतू पडत जातात आणि वर्षानुवर्षांनी सिऱ्होसिस होतो. या साऱ्या काळात दुखत काहीच नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते : फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नव्हे, हृदयविकार हे आहे.

या आजाराला पूर्वी "नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर" म्हणत. दारू नाही हे सांगण्यासाठीसुद्धा नावात दारू आणावी लागे. २०२३ साली जगातील यकृततज्ज्ञांच्या संस्थांनी हे नाव बदलून चयापचयाशी निगडित यकृतविकार अशा अर्थाचे नवे नाव घेतले. जुन्या नावामुळे रुग्णांना लागणारा बट्टा हे त्यामागचे एक कारण होते. नव्या व्याख्येत निदानासाठी जे निकष आहेत, त्यांत पोटाचा घेरही आहे. आरंभी ज्या माळकरी गृहस्थांचा उल्लेख केला, त्यांच्या पत्नीला आम्ही आता हे नवे नाव कागदावर लिहून देतो. गावात दाखवता यावे म्हणून.

घेर मोजण्याची रीत

घेर मोजणे सोपे आहे असे सर्वांना वाटते, आणि म्हणूनच तो बहुधा चुकीचा मोजला जातो. पुरुषमंडळी पँटचा नंबर सांगतात. "माझी कंबर चौतीस" असे सांगणाऱ्याचा पट्टा पोटाखाली उतरलेला असतो; पोट वाढत गेले तरी नंबर तोच राहतो, कारण पँट दरवर्षी दोन बोटे खाली सरकते. स्त्रिया परकराच्या नाडीची जागा दाखवतात. ती जागाही घेर मोजण्याची नव्हे. बेंबीच्या रेषेवर टेप लावणेही खात्रीचे नाही, कारण पोट सुटले की बेंबी खाली ओघळते.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली जागा अशी : बगलेच्या मध्यातून सरळ खाली रेषा धरावी. त्या रेषेवर हाताला लागणारी सर्वांत खालची बरगडी चाचपावी. मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपावी. या दोन खुणांच्या बरोबर मध्यावर टेप यावयास हवी. दोन्ही बाजूंना पेनने बारीक खूण केली तर टेप तिरकी होत नाही. रुग्णाने दोन्ही पाय जवळ घेऊन, हात सैल सोडून, ताठ पण सहज उभे राहावे. टेप जमिनीला समांतर हवी. पाठीमागे ती खाली घसरते, म्हणून मोजणाऱ्याने मागे जाऊन पाहावे. टेप अंगाला टेकावी, रुतू नये. श्वास नेहमीसारखा सोडून झाला की त्या क्षणी आकडा वाचावा. पोट आत ओढून धरण्याचा मोह सर्वांनाच होतो, विशेषतः तरुणांना. त्यांना आम्ही दोन-तीन वेळा श्वास घ्यावयास लावतो किंवा घरची चौकशी करतो. बोलता बोलता पोट आपल्या जागी येते.

माप उघड्या अंगावर किंवा एका पातळ कपड्यावरून घ्यावे. सकाळी न्याहारीपूर्वी, लघवी करून आल्यावर घेतलेले माप उत्तम. दोनदा मोजावे, दोन मापांत एक सेंटिमीटरहून अधिक अंतर पडले तर दोन्ही खोडून पुन्हा मोजावे. शिंप्याची कापडी टेप वापराने ताणली जाते आणि घेर कमी दाखवते, म्हणून ती वेळोवेळी पोलादी पट्टीशी ताडून पाहावी. स्त्रियांचे माप परिचारिकेनेच, पडद्याआड घ्यावे. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या व्यवस्थेअभावी कित्येक भगिनी "पुढच्या वेळी पाहू" म्हणून निघून जातात, आणि ती पुढची वेळ येत नाही.

गरोदरपणात या मापाला अर्थ नाही. पोटात पाणी झाले असेल, म्हणजे जलोदर असेल, तरीही नाही. यकृताचा आजार अखेरच्या टप्प्यात गेला की चरबी झडते आणि पाणी भरते; तेव्हा घेर मोठा दिसतो पण त्याचे कारण निराळे असते. हातपाय वाळत चालले आणि पोट फुगत चालले, तर टेप बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

आकड्यांचा अर्थ

आपल्याकडील प्रौढ पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. इंचांत सांगावयाचे तर साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. युरोपीय पुरुषांसाठीची मर्यादा याहून मोठी आहे. आपल्या देहाची कणगी लहान, म्हणून आपल्याला सवलत कमी. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन याच्याही आधीची एक पायरी सांगितली : पुरुष ७८, स्त्रिया ७२. एवढ्यावर आजार मानावयाचा नाही, पण खाण्यापिण्याकडे आणि व्यायामाकडे लक्ष द्यावयास लागावे. बीएमआयच्या बाबतीतही आपल्यासाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असे धरले. ज्या साठ-बासष्ट किलोंच्या वजनाला आम्ही "ठीक" म्हणत आलो, ते बेतास बात उंचीच्या माणसाच्या बाबतीत या नव्या हिशेबाने ठीक नव्हतेच.

देशाचे चित्र पाहावयाचे तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील एक लाखाहून अधिक लोकांची त्यात तपासणी झाली होती. बीएमआयच्या हिशेबाने २८.६ टक्के लोक लठ्ठ निघाले. घेराच्या हिशेबाने ३९.५ टक्के. म्हणजे नुसता वजनकाटा वापरला असता तर दर शंभरांमागे दहा-अकरा माणसांचा फरक नजरेआड झाला असता.

ज्यांच्या घरी टेप नाही त्यांच्यासाठी दोऱ्याची युक्ती आहे. एक दोरा घेऊन टाचेपासून डोक्यापर्यंत स्वतःची उंची मोजावी व तेवढाच तोडावा. तो बरोबर मध्यावर दुमडावा. दुमडलेला दोरा वर सांगितलेल्या जागी पोटाभोवती सहज पुरला तर ठीक. टोके जुळत नसतील तर घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक झाला. ही युक्ती अडाणी नव्हे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०२२ साली "घेर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा" हाच सल्ला अधिकृतपणे दिला. उंच-ठेंगण्या सर्वांना, स्त्री-पुरुष दोघांनाही तो एकच लागू पडतो हा त्याचा गुण. आपल्या भागातील जुनी माणसे कमरेला करदोडा बांधत. तो तंग झाला की सैल करून पुन्हा गाठ मारावी लागे आणि मनुष्याला आपले पोट वाढल्याचे कळे. इलॅस्टिकच्या पँटी आल्यापासून हे कळण्याची सोय राहिली नाही!

टेपेच्या पलीकडे

घेर वाढलेला आढळला म्हणजे यकृत बिघडलेच असे नव्हे, आणि घेर मर्यादेत आहे म्हणजे यकृत निर्दोष असेही नव्हे. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तेथे १,९११ लोकांत ८.७ टक्क्यांना फॅटी लिव्हर आढळले. त्यांच्यापैकी तब्बल ५४ टक्के लोकांचे वजनही जास्त नव्हते आणि घेरही वाढलेला नव्हता. टेप ही चाळणी आहे, निदान नव्हे. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची, घेर कसाही असो, यकृताची तपासणी व्हावी असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

पुढची पायरी म्हणून बहुतेकांना सोनोग्राफी आठवते. ती उपयोगी आहे. परंतु यकृतात पाच टक्क्यांहून अधिक चरबी ही आजाराची सुरुवात मानली जाते, आणि सोनोग्राफीत ती खात्रीने दिसू लागते तोपर्यंत प्रमाण त्याच्या कितीतरी पट झालेले असते. शिवाय "ग्रेड वन फॅटी लिव्हर" हा शेरा इतक्यांच्या हातात पडतो की तो कपाटात ठेवून देण्याची सवय झाली आहे. चरबी किती यापेक्षा यकृतात तंतू पडू लागले आहेत काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचा प्राथमिक अंदाज चार गोष्टींवरून बांधता येतो : वय, रक्तातील एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेटच्या हजारांतील आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्याला दुसऱ्याने भागावे. या आकड्याला "फिब-फोर" म्हणतात.

समजा, वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी २५ आणि प्लेटलेट दोन लाख, म्हणजे २०० हजार. पन्नास गुणिले चाळीस म्हणजे २,०००. पंचवीसचे वर्गमूळ पाच, गुणिले २०० म्हणजे १,०००. उत्तर आले २. हा आकडा १.३ पेक्षा कमी असता तर गंभीर तंतू असण्याची शक्यता थोडी होती, २.६७ च्या वर असता तर बरीच. दोनवर मनुष्य मधल्या पट्ट्यात पडतो आणि पुढील तपासणी आवश्यक ठरते. वाचकांनी ध्यानात घ्यावे की या उदाहरणातील एकही रक्ततपासणी प्रयोगशाळेच्या कागदावर ठळक अक्षरांत "जास्त" म्हणून आली नसती. पस्तिशीच्या आतील लोकांत हा हिशेब विश्वसनीय नाही आणि पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात.

पुढील तपासणी म्हणजे यकृताचा ताठपणा मोजणारे फायब्रोस्कॅनसारखे यंत्र. बरगड्यांवर सोनोग्राफीसारखा दांडा टेकवून ती होते, काही मिनिटे लागतात, दुखत नाही. सीटी स्कॅन किंवा एमआरआयने पोटातील चरबी चौरस सेंटिमीटरपर्यंत मोजता येते. संशोधनात त्याचे मोल मोठे आहे, पण सीटीमध्ये क्ष-किरणांचा मारा आहे आणि दोन्हींत खर्च. सरसकट कोणी ती करून घ्यावी असे आम्ही सुचवणार नाही. भारत सरकारने २०२१ साली यकृतातील चरबीचा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला, तोही गावपातळीवर घेर मोजण्यासारख्या साध्या साधनांवर भर देऊन.

औंधचा वारसा आणि पोट

औंधमध्ये राहून पोटाचा विषय काढावयाचा आणि श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे नाव घ्यावयाचे नाही, हे शक्य नाही. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी तरुणपणी सुमारे दहा वर्षे यूजीन सँडो यांच्या साधनांनी व्यायाम केला आणि पुढे, १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्याने सूर्यनमस्कार धरले ते जन्मभर. संस्थानच्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली. १९३८ साली "द टेन-पॉइंट वे टू हेल्थ" हे त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या आपल्या भवानी संग्रहालयाला देशोदेशींचे लोक भेट देतात. नमस्कारांचा वारसा मात्र शाळेच्या कवायतीपुरता उरला आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आमचे कर्तव्य आहे. सूर्यनमस्काराने किंवा इतर कोणत्याही व्यायामाने नेमकी पोटावरचीच चरबी वितळत नाही. पोटाचे स्नायू ताणल्याने त्यांवरची चरबी जात नसते. घाम आणणारे पट्टे आणि "लिव्हर टॉनिक" यांवर पैसे घालवणाऱ्यांना आम्ही स्पष्टपणे नाही म्हणतो. पण साऱ्या शरीराला नियमित श्रम दिले की आतड्यांभोवतीची चरबी कमी होऊ लागते, आणि वजन फारसे न घटताही घेर व यकृतातील चरबी कमी झाल्याचे दिसते. श्रीमंतांनी सांगितलेला व्यायाम योग्यच होता. त्याला अंगणाखेरीज काही लागत नाही हा त्याचा मोठा गुण. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी चालावे. मूळपीठाच्या पायऱ्या ज्यांना झेपतात त्यांनी यमाईच्या दर्शनाला गाडीने डोंगर चढू नये.

वजनाविषयी मोजमाप असे आहे : सुमारे पाच टक्के वजन उतरले तर यकृतातील चरबी घटते, सात ते दहा टक्क्यांनी दाह ओसरतो, दहा टक्के किंवा अधिक उतरले तर तंतूही कमी होऊ शकतात. सत्तर किलोंच्या माणसाला हे साडेतीन, पाच ते सात, आणि सात किलो पडते. मुळात सडपातळ असलेल्यांना तीन ते पाच टक्क्यांनीही गुण येतो. एकदम उपाशी राहून वजन उतरवू नये. स्नायू झिजतात, आणि आपल्याकडे ते आधीच थोडे आहेत. भाकरी सोडावयाची नाही, तिच्याबरोबर डाळ, उसळ, ताक, अंडे वाढवावयाचे आणि चहातील साखर, पाव, फरसाण, थंड पेये कमी करावयाची. दारूचे म्हणाल तर यकृतात चरबी असताना थोडीही नको.

सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त विटा, आटपाडी, खटाव, माण भागांतील असंख्य कुटुंबे देशभर विखुरली आहेत. दिवसभर एका जागी बसून काम, बाहेरचे खाणे, अवेळी झोप. पौषात यमाईच्या यात्रेला ही मंडळी गावी येतात आणि कोणाला तरी दाखवायचे म्हणून आईवडिलांना घेऊन आमच्याकडे येतात. अशा वेळी आम्ही आईवडिलांबरोबर मुलाचाही घेर मोजतो. त्याची अपेक्षा नसते, तो हसतो. बहुतेकदा त्या दिवशी त्या घरातील सर्वांत मोठा आकडा त्याचाच असतो.

यंदाच्या तरतुदीविषयी

यकृताचा ताठपणा मोजणारे यंत्र घ्यावे अशी सूचना काही देणगीदारांनी मोठ्या आस्थेने केली आहे, तिच्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु आमचे मत थोडे निराळे आहे. असे यंत्र ज्यांना खरोखर लागेल ते रुग्ण आधी शोधावे लागतील. ते काम टेप, एक रक्ततपासणी आणि मोजणाऱ्याचा वेळ यांनी होते. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही तूर्त तीन गोष्टी मांडल्या आहेत : बाह्यरुग्ण विभागात स्त्रियांसाठी पडद्याची स्वतंत्र जागा, घेर मोजण्यासाठी प्रशिक्षण दिलेली एक परिचारिका, आणि घेर वाढलेल्या व मधुमेह असलेल्या गरजू रुग्णांच्या चार रक्ततपासण्यांचा खर्च. ताठपणाची तपासणी ज्यांना लागेल त्यांना मोठ्या शहरातील रुग्णालयात पाठवून त्यांच्या प्रवासखर्चाला हातभार लावावा, हे आज अधिक किफायतशीर आहे. रुग्णसंख्या वाढल्यास यंत्राचा विचार पुन्हा करता येईल.

नवे केसपेपर छापून आले आहेत. त्यांवर वजनाच्या रकान्याखाली "पोटाचा घेर (सें.मी.)" असा रकाना आहे व त्याशेजारी मागील भेटीचा आकडा लिहिण्यास जागा ठेवली आहे. रुग्णांनी व त्यांच्या घरच्यांनी तो रकाना रिकामा राहिल्याचे दिसल्यास खिडकीवर निःसंकोच विचारावे.